नऊ की पाच

लग्न होऊन मी बेळगावहून बंगलोरला आले तेव्हा नवऱ्याच्या नोकरीबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की ते विमानतळावर असतात आणि विमानांशी बोलतात. माझ्या आईनं गल्लीत सांगून टाकलं होतं, "जावई विमानात आहेत." ते विमानात कधी बसलेसुद्धा नव्हते. हलसूरच्या आमच्या दोन खोल्यांतून सायकलवर निघायचे आणि विमानतळाच्या मनोऱ्यात वरच्या काचेच्या खोलीत जाऊन बसायचे.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "पण बोलता काय त्यांच्याशी?"

त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली आणि नीट सांगितलं. विमान ढगात शिरलं की वैमानिकाला बाहेरचं काही दिसत नाही. आपल्या वर कोण आहे, खाली कोण आहे, किती उंचीवर यायचं, कधी उतरायचं, हे त्याला जमिनीवरून सांगावं लागतं.

"आणि तुम्हाला दिसतं होय ढगातलं?"

"नाही. आम्हालाही दिसत नाही. तो जी उंची सांगतो ती आम्ही लिहून घेतो, आणि तेवढ्यावर विश्वास ठेवतो."

वर माणसं भरलेलं विमान, खाली माझा नवरा, आणि दोघांच्या मध्ये नुसता शब्द.

त्यांची नोकरी अजून कच्ची होती. कायम होण्याआधी त्यांच्या कामावर एका वरिष्ठांची नजर असायची. हे साहेब म्हैसूरकडचे, केस पिकलेले, फार कमी बोलणारे. यंत्रं, नियम, नकाशे या सगळ्यांत आमच्या यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अडचण होती ती कानाची. साताऱ्याकडच्या मराठी शाळेत शिकलेला माणूस. कागदावरचं इंग्रजी पक्कं, पण वैमानिक घाईत बोलला, वर खरखर असली, की यांचा जीव गोळा व्हायचा. पुन्हा विचारायची लाज वाटायची. साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "लाज घरी ठेवून ये. न कळलेल्याला कळलं म्हणणारा माणूस इथे नको."

मी बेळगावात मिशनच्या शाळेत शिकले होते. कन्नड आणि मराठी तर घरातच होतं, इंग्रजीही चुरूचुरू बोलायचे. म्हणून एका रविवारी त्यांनीच कल्पना काढली. ते कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसले, मी त्यांच्याकडे पाठ करून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. मी वैमानिक आणि ते मनोरा. चेहरा दिसता कामा नये, फक्त आवाज. मी मुद्दाम भरभर बोलायचे, मध्येच पदर तोंडासमोर धरायचे, कधी सुपात तांदूळ पाखडत पाखडत बोलायचे म्हणजे खरखर होईल.

यातून मीही ती भाषा शिकले. तिचे नियम थोडे, पण कडक. इंग्रजीत नऊ आणि पाच हे शब्द खरखरीत सारखेच ऐकू येतात, म्हणून नऊला 'नायनर' म्हणायचं आणि पाचला 'फाइफ'. ऐकू आलं नाही तर 'से अगेन'. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मनोऱ्यानं जी उंची दिली ती वैमानिकानं जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. मनोऱ्यानं ती कान देऊन ऐकायची. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायची.

त्यातला 'रॉजर' हा शब्द मी बरेच दिवस 'हो' या अर्थी समजत होते. एकदा निघताना मी म्हटलं, "येताना रवा आणा." ते सायकल काढता काढता म्हणाले, "रॉजर." संध्याकाळी हात हलवत आले. मी चिडले तर म्हणाले, "रॉजर म्हणजे ऐकलं. आणीन असं कुठे म्हणालो? आणीनला विल्को म्हणतात." त्या दिवशी मी त्यांना रव्याशिवायच उपमा करून दाखवा म्हटलं.

सराव करताना मी परत म्हणून दाखवताना मुद्दाम चुका करायचे. ते म्हणायचे सात हजार, मी म्हणायचे सहा हजार. सुरुवातीला त्यांच्या लक्षातच यायचं नाही. "रॉजर" म्हणून ते पुढे जायचे आणि मग मी वळून सांगायचे, "पाडलंत विमान." त्यांचं तोंड उतरायचं. ते म्हणायचे, "मला सात ऐकायचं असतं ना, म्हणून सातच ऐकू येतं." हळूहळू सुधारलं. पुढे पुढे मी चूक केली की माझं वाक्य संपायच्या आत ते "निगेटिव्ह" म्हणून मला थांबवायचे.

छावणीतलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब देश सोडून चाललं होतं. त्यांच्याकडून आम्ही एक जुना रेडिओ घेतला. एका दुपारी मी गाणी शोधत काटा फिरवत होते, आणि शॉर्टवेव्हच्या पट्ट्यावर एके ठिकाणी अचानक आमचे हे बोलायला लागले. माझ्या हातातली वाटी पडली. इंग्रजीत, जरा जड, एकेक शब्द सुटा करून बोलत होते. लांबच्या विमानांशी शॉर्टवेव्हवरच बोलावं लागतं आणि ती लहर घरच्या रेडिओला पकडता येते, हे मला नंतर कळलं. मनोऱ्याचा आवाज जवळचा म्हणून खणखणीत यायचा, विमानातला मात्र विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

संध्याकाळी मी सांगितलं तेव्हा ते आधी खूश झाले. "कसा वाटला आवाज?" मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "हे बघ, ते ऐकायची आपल्याला परवानगी नाही. कायद्यानं गुन्हा आहे. कुणापाशी बोलू नकोस."

मी कुणापाशी बोलले नाही. पण ऐकणं सोडलंही नाही. मुलगी झाल्यावर तर दुपारभर घरात मी आणि ती दोघीच. ती झोपली की मी आवाज बारीक करून रेडिओपाशी बसायचे. ते चुकले नाहीत म्हणजे मी श्वास सोडायचे.

तो दिवस दसरा झाल्यानंतरचा होता. त्या दिवसांत बंगलोरला दुपारी आभाळ भरून येतं आणि गडगडाट होऊन पाऊस कोसळतो. यांना एकट्यानं माइकवर बसवायला नुकतीच सुरुवात झाली होती. साहेब मागे असायचे, पण बोलायचे नाहीत. सकाळी जेवताना यांनी दोनदा पाणी मागितलं आणि दोन्ही वेळा प्यायले नाहीत.

दुपारी तीनच्या सुमारास अंगणात अंधारून आलं. घरमालकीण अक्का वाळत घातलेले पापड गोळा करत होत्या. मी मुलीला झोपवून रेडिओ लावला. वीज चमकली की रेडिओत कडकड व्हायची आणि त्यामधून यांचा आवाज वर यायचा. थोड्याच वेळात मला चित्र समजलं. एक विमान विमानतळाच्या डोक्यावर सात हजार फुटांवर चकरा मारत होतं. खाली पाऊस होता, म्हणून त्याला उतरता येत नव्हतं. दुसरं विमान हैदराबादहून, देवनहळ्ळीच्या अंगानं येत होतं. तेही ढगात. त्याला सात हजारांच्या वर ठेवायचं होतं.

हे म्हणाले, "डिसेंड टू नायनर थाउजंड." नऊ हजारांवर ये. आवाज स्थिर होता. मला बरं वाटलं.

वैमानिकाचं उत्तर आलं. मध्ये कडकड झाली. पण त्या कडकडीतून मला स्वच्छ ऐकू आलं, "फाइफ थाउजंड."

पाच हजार. म्हणजे तो पाच हजारांवर यायला निघाला होता. वाटेत, सात हजारांवर, ढगात ते दुसरं विमान.

मी रेडिओच्या जाळीला कान लावला. आता हे म्हणतील, निगेटिव्ह. म्हणा ना. म्हणा.

तेवढ्यात रेडिओतला दिवा विझला. वीज गेली.

मी बटण फिरवलं, रेडिओवर हात आपटला. काही नाही. बाहेर पाऊस सुरू झाला होता. माझ्या डोक्यात त्यांचं ते जुनं वाक्य घुमायला लागलं, की मला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं. त्यांनी नऊ म्हटलं होतं, म्हणजे त्यांना नऊच ऐकू आलं असणार. मागे बसलेल्या साहेबांना? त्यांनी ऐकलं असेल का? की तेही खिडकीबाहेर पावसाकडे बघत असतील?

यांनी मला मनोऱ्याचा फोन नंबर देऊन ठेवला होता. बजावलं होतं, "पोरीला काही झालं तरच." मला तो पाठ होता.

मी मुलीला तशीच उचलून अक्कांच्या मांडीवर दिली. "अक्का, स्वल्प बघा हिला. मी आलेच."

"अय्यो, एवढ्या पावसात कुठे गं?"

उत्तर द्यायला मी थांबले नाही. रस्त्याच्या टोकाला एका डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथे फोन होता. चपला घालायचं भान नव्हतं. दवाखान्यात कंपाउंडर मेणबत्ती लावत होता. माझ्या अंगावरून पाणी निथळताना बघून त्याला वाटलं मूल आजारी आहे. तो डॉक्टरांना बोलवायला वळला. मी म्हटलं, "फोन. फक्त फोन."

नंबर फिरवताना बोट दोनदा घसरलं. पलीकडे घंटी वाजत राहिली. मग कुणीतरी पुरुषानं उचलला आणि घाईत इंग्रजीत काहीतरी म्हटलं. तो आवाज यांचा नव्हता. मी इंग्रजीतच म्हटलं, "हैदराबादच्या विमानानं पाच हजार म्हणून परत सांगितलंय. पाच हजार. कृपा करून तपासा."

"कोण बोलतंय?"

मी रिसीव्हर खाली ठेवला. आपण काय केलं ते त्या क्षणी मला समजलं. ऐकायची बंदी असलेलं ऐकलं आणि ते सरकारी फोनवर सांगितलंही.

घरी परत आले. वीज आली नव्हती. मुलगी रडत होती, तिला घेतलं. आभाळात विमानाचा आवाज येतोय का ते ऐकत दारात उभी राहिले, पण पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. काही झालं असतं तर एव्हाना रस्त्यावर माणसं धावली असती, असं मनाशी म्हणायचे. लगेच वाटायचं, दूर कुठे शेतात पडलं असेल तर इथे कोण धावणार? अक्कांनी कॉफी आणून दिली. ती तशीच गार झाली. त्यांनी दोनदा विचारलं, "ऊरात, तुझ्या गावाकडे, काही वाईट बातमी आहे का गं?" मी नुसती मान हलवली.

दिवेलागणीला सायकलची घंटी वाजली. हे भिजलेले, पण धड होते. चेहऱ्यावरून काही कळेना. मी टॉवेल दिला. त्यांनी केस पुसले आणि म्हणाले, "आज एक विचित्र गोष्ट झाली."

"विमान उतरलं?" मी विचारलं.

"कुठलं?"

"दोन्ही."

टॉवेल त्यांच्या हातात तसाच राहिला. मग हळू म्हणाले, "तू होतीस?"

मी सगळं सांगितलं. पाच हजार, वीज, दवाखाना. ते कॉटवर बसले.

"मी ऐकलं होतं," ते म्हणाले. "त्यानं फाइफ म्हटलं त्याच क्षणी मी निगेटिव्ह म्हणालो. त्यानं दुरुस्त केलं, नायनर म्हणून परत सांगितलं. सगळं तिथेच संपलं होतं. तुझी वीज गेली नसती तर तुलाही ऐकू आलं असतं."

मला रडू आलं. सुटकेचंच, पण ते थांबेना. त्यांचा आवाज मात्र चढला. "तुला वाटलं मला कळलंच नसेल? इतके दिवस माझ्याबरोबर बसलीस आणि एवढा विश्वास नाही वाटला?"

"विश्वास ठेवून गप्प बसले असते आणि तुम्हाला खरंच ऐकू आलं नसतं तर?" मी म्हटलं. "विमानातल्या माणसांच्या बायकापोरांना काय सांगितलं असतं मी?"

जेवताना ते एवढंच म्हणाले, की साहेबांनी सगळ्यांना विचारलंय, ही बाई कोण. यांनी खरं तेच सांगितलं होतं, की मला माहीत नाही. आता माहीत झालं होतं. नोकरी कायम व्हायची होती. गप्प राहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

"मी सांगेन त्यांना," मी म्हटलं. "फोन मी केला, तर मीच सांगणार."

रविवारी आम्ही मल्लेश्वरमला साहेबांच्या घरी गेलो. मुलगी माझ्या कडेवर होती. साहेब पडवीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी कन्नडमध्येच सांगितलं, फोन करणारी बाई मी. त्यांनी चष्मा काढला. रागावले नाहीत, पण बसाही म्हणाले नाहीत.

"काय ऐकलंस? जसंच्या तसं सांग."

मी सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. मग म्हणाले, "बरोबर ऐकलंस. आता खोलीत काय झालं ते ऐक. फोन उचलणारा मुलगा नवखा. त्यानं ऐकलं आणि तिथूनच ओरडला, 'फाइव्ह थाउजंड!' हा तुझा नवरा त्या वेळी दुसऱ्या विमानाशी बोलत होता, सात हजारवाल्याशी. त्याच्या पाठीमागून अचानक कुणीतरी पाच हजार म्हणून ओरडलं. तो थबकला. त्याला वाटलं, आपण चुकलो. कोण पाच हजारांवर आहे? त्यानं हैदराबादवाल्याला परत विचारलं, तोही वैतागला, 'नायनर म्हणून सांगितलं ना!' तेवढ्यात सात हजारवाला काही बोलला ते कुणीच ऐकलं नाही. मला माइक घ्यावा लागला."

मुलगी माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती, तिचा हात मी घट्ट धरला.

"जो आकडा मिटला होता तो तू खोलीत परत आणलास," साहेब म्हणाले. "तुझा हेतू मला कळतो. पण त्या लहरीवर जे आहेत त्यांनीच बोलायचं असतं. अर्धं ऐकणाऱ्यानं नाही."

मी म्हटलं, "सरी, सर." म्हणजे बरोबर आहे. दुसरं काय म्हणणार?

आतून त्यांच्या बायकोनं कॉफी आणली आणि तिनंच आम्हाला बसवलं. मुलीला मांडीवर घेऊन तिच्या हातात आपल्या कडबोळ्यासारखं कोडबळं दिलं. साहेब यांना म्हणाले, "जे घडलं ते मी लिहीन. लपवणार नाही. आणि तू त्याचं चुकीचं उत्तर पकडलंस, तेही लिहीन."

त्यांनी तसंच केलं. यांच्याबरोबरचे दोघे आधी कायम झाले, यांना आणखी काही महिने थांबावं लागलं. त्या महिन्यांत घरात आम्ही फार जपून बोलायचो. यांना रात्री झोप लागायची नाही. माझ्यावर राग होता असं नाही, पण पूर्वीसारखं थट्टेनं काही बोलत नसत. मी रेडिओचा काटा गाण्यांवरून हलवला नाही. दुपारी आभाळ भरलं की मी मुलीला घेऊन अक्कांकडे जाऊन बसायचे आणि त्यांच्या डाळी निवडायचे.

यांच्या कायम होण्याचा हुकूम आला त्यानंतर साहेबांनीच निरोप पाठवला, की बायकोला एकदा वर घेऊन ये. एका कोरड्या, निरभ्र सकाळी मी त्या काचेच्या खोलीत गेले. अरुंद जिना चढून वर पोचले आणि पहिल्यांदा काय जाणवलं तर गोंगाट. माझ्या मनात इतके दिवस एक शांत खोली होती, त्यात एकटे हे आणि एक माइक. इथे दोन फोन वाजत होते, टेलिप्रिंटर खडखडत होता, एकाच वेळी दोन संचांतून दोन विमानं बोलत होती, कुणी हवेचा अहवाल मोठ्यानं वाचत होतं. या सगळ्यात हे बसले होते.

मी कोपऱ्यात उभी राहिले. एका विमानाला यांनी उंची दिली. विमानानं ती परत म्हटली. आणि मग यांनी लगेच उत्तर दिलं नाही. पेन्सिलीचं टोक कागदावर ठेवून, मान जराशी कलती करून एक श्वासभर थांबले. ओठ हलले, आवाज नाही. विमानानं म्हटलेलं ते मनाशी म्हणून बघत होते. मग पेन्सिल चालली आणि त्यांनी बटण दाबलं.

घरी रेडिओपाशी बसून मी ही शांतता कितीदा ऐकली होती. मला ती रिकामी वाटायची. वाटायचं, यांना सुचत नाहीये, गोंधळलेत.

थोड्या वेळानं ते विमान उत्तरेकडून ठिपक्यासारखं दिसलं, मोठं झालं, चाकं टेकली. साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बघितलंस?" मी हो म्हटलं. त्यांना विमान म्हणायचं होतं. मी यांच्याकडेच बघत होते.

खाली उतरताना हे म्हणाले, "काही बोलली नाहीस."

मी म्हटलं, "तुम्ही कामात होतात."

ते हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले. मग आम्ही बसथांब्यावर जाऊन उभे राहिलो. मुलीला अक्कांकडे ठेवलं होतं, तिच्या दुधाची वेळ झाली होती, आणि बस काही येत नव्हती.